चार बोटं खाली

गाडी खाली घ्यायची, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा दादासो पेपर वाचत होते. तोंडासमोरचा पेपर न हलवता त्यांनी विचारलं, "कुठून खाली? ती तर रस्त्यावरच उभी आहे."

नवऱ्याला एखादी गोष्ट समजावून सांगायची तर आधी त्याच्या हातातला पेपर काढून घ्यावा लागतो. मी तो घेतला आणि त्यांना अंगणात नेऊन गाडी दाखवली. लाल, दोन सीटांची, छप्पर दुमडून मागं टाकता येणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत तशी गाडी दुसरी नव्हती, निदान मला तरी दिसली नव्हती. मी दातांची डॉक्टर. घर बारामतीत, दवाखाना इंदापुरात, आणि रोजचं जाणंयेणं याच गाडीनं. तिच्यात खोट एकच होती. आधीच्या मालकानं आपल्याकडच्या खड्ड्यांना भिऊन ती चांगली वर उचलून घेतली होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये एवढी जागा राहिली होती, की गल्लीतलं मांजर तिथं बसून पावसाचा अंदाज घ्यायचं.

"जोरात धावणारी गाडी जमिनीला धरून असावी लागते," मी म्हटलं. "आणि ही बघा कशी उभी आहे. ओढा ओलांडायला लुगडं वर खोचलेल्या बाईसारखी."

"मग असू दे की," दादासो म्हणाले. "आपल्याकडं ओढे आहेत."

दादासो पाटबंधारे खात्यात आहेत. त्यांचा प्रत्येक विचार फिरूनफिरून पाण्यावर येतो.

लुगड्याची उपमा माझी नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही. ती शेजारच्या विजयसिंहांची. विजयसिंहांचा लासुर्ण्याला ऊस आहे, दारात जीप आहे, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत आहे. आमच्याच घरच्या सत्यनारायणाला, माझ्याच हातचा शिरा खात, भरल्या बैठकीत त्यांनी ती उपमा दिली होती. सगळे हसले. माझ्या सासूबाई, सिंधुबाई, त्यासुद्धा हसल्या. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीडी बूथवर जाऊन कोइमतूरला फोन लावला. तिथं शर्यतीच्या गाड्यांचं सामान बनवणारा एकजण होता. त्याचा पत्ता मी एका गाड्यांच्या मासिकातून आधीच उतरवून ठेवला होता.

मी मागवलं ते सामान असं. गाडीच्या चार चाकांना चार शॉक-अ‍ॅब्सॉर्बर असतात, त्यांच्याभोवती स्प्रिंग असते. या सामानात शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या अंगावरच आटे पाडलेले, आणि त्या आट्यांवर एक जाड कडं. कडं एका बाजूला फिरवलं की गाडी खाली, दुसऱ्या बाजूला फिरवलं की वर. ते फिरवायला आकड्यासारखा वाकडा पाना. इतकी साधी गोष्ट आहे. एखाद्याचं आयुष्य तिनं का ढवळून निघावं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

खोकं आलं आणि जकात नाक्यावर अडकलं. नाक्यावरचे कारकून कुंडलिकराव अतिशय सज्जन गृहस्थ. सज्जन माणूस एकदा नियमानं वागायचं ठरवून बसला की त्याच्यापुढं इलाज नसतो. खोक्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात 'स्पोर्ट्स' छापलेलं होतं.

"कुठला खेळ?" त्यांनी विचारलं.

"खेळ नाही. गाडीचं सामान आहे."

"म्हणजे खेळातली गाडी."

"नाही हो. खरी गाडी. रोज इंदापूरला नेते मी."

"मग हितं स्पोर्ट कशाला लिवलंय?" त्यांनी चष्मा पुसला. "खेळाचं साहित्य असंल तर शाळेचं पत्र लागतंय, म्याडम. शाळेचं पत्र हाय का?"

मी खोकं उघडून दाखवलं. स्प्रिंगा बघून त्यांचा चेहरा उजळला. "ह्या तर गादीच्या हायत," ते म्हणाले. मग आटे बघून परत पडला, कारण गादीला आटे नसतात. चहा मागवला गेला. आणखी दोघंजण बोलावले गेले. एकानं सर्कशीचं सामान असावं अशी शंका काढली. मी मात्र जागची हलले नाही. दुपारचे रुग्ण मी पुढं ढकलले होते, आणि खोकं घेतल्याशिवाय जायचं नाही असं स्वतःशी ठरवलं होतं. शेवटी कुंडलिकरावांनी सगळ्यांना मान्य होईल असा तोडगा काढला. बारामतीत येणारी आट्यांची प्रत्येक वस्तू ही विहिरीच्या मोटरीची असते. त्या न्यायानं माझे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर 'पंपाचे सुटे भाग' म्हणून गावात शिरले.

रामहरी मिस्त्रीचं गॅरेज भिगवण रस्त्याला. ट्रॅक्टर आणि जीप हा त्याचा धंदा. माझं म्हणणं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्याडम, आजपतोर माझ्याकडं माणसं गाडी वर घ्याय आली," तो म्हणाला. "पाटा वाढवा म्हणत्यात, टायर मोठं टाका म्हणत्यात. खाली घ्या म्हणणाऱ्या तुमीच पयल्या."

"जमेल का?"

"न जमाय काय झालं? किती खाली?"

"चार बोटं."

हे चार बोटांचं माप मी दिलं, आणि चूक तिथंच झाली. दात कोरताना केसभर फरक पडला तर मला झोप लागत नाही, पण गाडीच्या बाबतीत मी भाजी घेतल्यासारखी बोलून गेले. डावी बाजू रामहरीनं स्वतःची बोटं लावून खाली घेतली. उजवी बाजू सुरू करणार तेवढ्यात पाना निसटून त्याचा हात सोलला आणि पट्टी बांधावी लागली. त्याच वेळी, जीपला ग्रीस मारायच्या निमित्तानं, विजयसिंह तिथं हजर होते. "थांब रे, मी धरतो बोटं," असं म्हणून त्यांनी आपला पंजा मडगार्डात घातला. उसात राबलेली बोटं, त्यातल्या दोहोंत अंगठ्या. संध्याकाळी गाडी तयार झाली तेव्हा उजवीकडं अशी कलली होती, की पलीकडच्या घरातलं भांडण कान देऊन ऐकतेय असं वाटावं.

"उजवी बाजू थोडी वर घेऊ, म्हंजी..." रामहरी सुचवू लागला.

"वर काहीही घ्यायचं नाही," मी म्हटलं. "डावी आणखी खाली घे."

अशा रीतीनं माझी गाडी विजयसिंहांच्या चार बोटांनी खाली आली. पण काय दिसत होती म्हणून सांगू. चाकं मडगार्डात अगदी मापात बसलेली, नाक जमिनीशी, अंग सगळं ताणून धरलेलं. मी ती गल्लीत आणली तेव्हा मनात बँड वाजत होता. सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी बराच वेळ गाडीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बसली का बिचारी?"

त्या दिवसापासून चाकांतली हवा कमी असल्याची बातमी मला दोन्ही तालुक्यांतून मिळू लागली. सायकलवाले ओरडून सांगायचे, एसटीचे ड्रायव्हर काच सरकवून सांगायचे. लोणी भापकरचे एक आजोबा दाढ काढायला आले होते. त्यांचं तोंड मी उघडं धरून ठेवलं होतं, तरी हातवारे करून त्यांनी तेच सांगितलं. गाडीखाली झोपणारा गल्लीतला कुत्रा आता आत मावेना. तो बाजूला बसून माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा, की मी पाठ करून दरवाजा उघडायचे.

आणि गतिरोधक. बारामती ते इंदापूर रस्त्यावर इतके गतिरोधक आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. शाळेपुढं एक, देवळापुढं एक, आणि काही तर कुणाला तरी वाटलं म्हणून. सगळ्यांत अवघड लासुर्ण्याचा. तो ओलांडायचा तर गाडी पूर्ण तिरकी करावी लागायची, आधी एक चाक, मग दुसरं, मग खालून करकर असा आवाज, जो माझ्याच दाढेतून येतोय असं वाटायचं. गाडी तिरकी झाली की मागच्या बैलगाडीला वाटायचं मी उसात वळतेय. तरी मी रोज जात होते. आठवड्याभरात मला प्रत्येक गतिरोधकाची बाजू, उतार आणि स्वभाव पाठ झाला. दादासो रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय निखळलं?" आणि मी रोज सांगायचे, "काही नाही."

इथवर नुकसान झालं ते माझ्या एकटीचं. पुढं त्यात बनाबाई सापडल्या.

बनाबाई शेळगावच्या. वय सत्तरीच्या पुढं, कमरेतून वाकलेल्या, तोंडात एक दात नाही. गेली कित्येक वर्षं चारचौघांत त्या तोंडाला पदर लावून बोलायच्या आणि लग्नाकार्यात पंगत उठल्यावर आत एकट्याच भाताची पेज प्यायच्या. फेब्रुवारीत त्यांच्या नातीचं, सुकन्याचं लग्न ठरलं. तेव्हा त्या स्वतःहून एसटीनं इंदापूरला आल्या आणि म्हणाल्या, "मला कवळी बशीव, बाई. नातीच्या पंगतीला मी मांडवात बसणार हाय." मापं घेतली, मेणावर दात लावून बघितले, सगळं जमलं. लग्नाच्या दोन दिवस आधी गुरुवारी दुपारी येऊन कवळी घेऊन जायची असं ठरलं.

ते अठ्ठ्याण्णव साल, लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस. गुरुवारी निमगाव ओलांडलं तर पुढं नाकाबंदी. हवालदारानं गाडीला फेरी मारली आणि खाली वाकून बघितलं.

"आत काय भरलंय?"

"काही नाही."

"काही न्हाय तर गाडी एवढी बसली कशानं?"

मी त्याला आटे, कडं, पाना सगळं समजावलं. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की माणसं पैसे लपवायला काय काय गोष्टी रचतात याचं त्याला नवल वाटतंय. मग त्यानं डिकी उघडायला लावली. डिकीत माझी नेहमीची पेटी होती. पेटीत प्लास्टरचे जबडे, ओळीनं मांडलेले, आणि डबीत बनाबाईंची नवीकोरी कवळी.

त्यानं डबी उघडली, मिटली, परत उघडली.

"ह्या कवळ्या," हवालदार हळू आवाजात म्हणाला, "मतदारांना वाटायला चालल्यात का?"

मी शिकलेली बाई आहे. दवाखान्याच्या दारावर माझ्या नावापुढं पदवी आहे. त्या क्षणी मात्र मला एकही शहाणपणाचं वाक्य सुचलं नाही. मी म्हटलं, "कवळी ज्याची त्यालाच बसते हो." त्यावर तो म्हणाला, "म्हंजी मानसं ठरलेली हायत." आणि साहेब येईपर्यंत गाडी बाजूला लावायला सांगितली.

साहेब आले ते ऊन कलल्यावर. ते हसले, मला मोकळं केलं, आणि जाता जाता तोंड उघडून मागची दाढ दाखवली. ती मी रस्त्याच्या कडेला उभी राहून, त्यांच्याच बॅटरीच्या उजेडात तपासली. ती किडलेली निघाली, एवढंच काय ते समाधान.

दवाखान्यात पोचले तेव्हा माझी मदतनीस फुलाबाई कुलूप हातात घेऊन उभी होती. बनाबाई दुपारपासून बाकावर बसून होत्या आणि शेवटच्या एसटीच्या आधीची एसटी पकडून गेल्या होत्या. "निरोप ठेवलाय," फुलाबाई म्हणाली. "म्हनल्या, तिला सांग, दात ऱ्हाऊ दे. माझा पदर हाय."

मी त्या बाकावर जरा वेळ बसले. गाडीवरून माझं हसं झालं होतं, त्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. हा निरोप मात्र आत जाऊन बसला. घरी येताना लासुर्ण्याला खालून नेहमीचा आवाज आला, त्याच्याकडं माझं लक्षच नव्हतं. त्या दिवशीचे राहिलेले रुग्ण शुक्रवारी बघणं भाग होतं, म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी शेळगावला जाऊन बनाबाईंच्या तोंडात दात बसवायचे, हे ठरलं.

"स्कूटर घेऊन जा," दादासो म्हणाले.

"माझी जीप हाय," भिंतीपलीकडून विजयसिंह म्हणाले.

"माझी गाडी आहे," मी म्हटलं. या गाडीमुळं बनाबाई रिकाम्या हातानं गेल्या होत्या. दात त्यांच्या दारात नेऊन द्यायचे ते तिच्यातूनच. यात तर्क फार नव्हता, पण मी ते पुरतं ठरवलं होतं.

माझे सासरे तात्याबा, ज्यांना आम्ही घरात आबा म्हणतो, ते म्हणाले, "मी येतो." तरुणपणी आबा मेंढरं घेऊन याच पट्ट्यात फिरायचे. बनाबाईंच्या रानात खतासाठी त्यांची मेंढरं बसायची, त्यामुळं ओळख जुनी. त्यांनी नवा पटका बांधला, मी जरीची साडी नेसले, डबी आणि हत्यारं पिशवीत घेतली आणि आम्ही निघालो. मुहूर्त दुपारचा होता. आबा या गाडीत पहिल्यांदाच बसत होते. पिंपळी मागं पडेपर्यंत ते दरवाजाची कड धरून बसले होते. मग समोरून येणाऱ्या एसटीच्या चाकाकडं वर बघत म्हणाले, "मेंढराला रस्ता कसा दिसत असंल, ते आज कळलं."

लासुर्ण्याचा गतिरोधक आम्ही पार केला आणि जरा पुढं सगळी वाहतूक थांबलेली. उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती आणि ऊस सगळीकडं पसरला होता. माणसं वाहनांना डावीकडं कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर वळवत होती. "त्यातनं तुमची न्हाय जायाची," एकानं मला सांगितलं. हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या वेळा ऐकलं होतं, की उत्तरादाखल मी सरळ गाडी वळवली.

कालव्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरांच्या चाकांनी दोन खोल चर पाडले होते आणि मध्ये मातीचा उंच वरंबा. माझी चाकं चरात उतरली आणि गाडी पोटावर त्या वरंब्यावर बसली. चाकं जागच्या जागी गरगर फिरली, मग मी गाडी बंद केली. सगळीकडं एकदम शांत झालं. बाजूच्या रानात उसाला पाणी धरलेलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"आबा, आता वर घ्यायला लागेल," मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाले.

पदर खोचला, डिकीतून वाकडा पाना काढला आणि जॅक काढला. जॅक गाडीखाली जाईना. गाडी एवढी खाली होती की तिला वर घ्यायचं हत्यारच तिच्याखाली मावत नव्हतं. रानात पाणी धरणारे गेणबा खोरं घेऊन आले, त्यांनी बघितलं, आबांनी बघितलं. मग दोघा म्हाताऱ्यांनी जॅकसाठी खड्डा खणायला घेतला. मी चिखलात पोतं टाकून आडवी झाले. मागचं एक चाक उचललं, कडं फिरवलं, दोन आटे, चार आटे, जातील तेवढे. मग दुसरं. जरीचा काठ ग्रीसनं भरला. मधल्या वेळात आबा गेणबांना समजावत होते की ही आमची सून, दातांची डॉक्टर, आणि गेणबा म्हणत होते, "व्हय, दिसतंय की."

तिसरं चाक झालं. चौथं, पुढचं डावं, काही केल्या फिरेना. आट्यात चिखल घट्ट बसला होता. मी पाना लावून लोंबकळले, गेणबांनी लाथ मारून बघितली.

"राहू दे," आबा म्हणाले. "एक पाय आखूड असलं म्हनून जनावर काय चालत न्हाय का?"

तीन चाकं वर आणि एक खाली अशी गाडी त्या चरातून खरंच निघाली. शेळगावात बनाबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी आणखी एक उंचवटा होता. सुगीत ट्रॅक्टर सुसाट येतात म्हणून त्यांच्याच घरच्यांनी मुरूम टाकून केलेला. तो पार करताना डावीकडून काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. मी बघितलंसुद्धा नाही.

बनाबाई मागच्या खोलीत धान्याच्या पोत्यांपाशी बसल्या होत्या. नवं इरकली लुगडं, कपाळाला कुंकू, आणि तोंडावर पदर.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. "आता कशाला आलीस? मी मनाची समजूत काढली."

"आजी, माझं चुकलं. मला पोलिसांनी धरलं होतं."

त्यांनी माझ्या साडीकडं, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडं आणि केसांतल्या मातीकडं बघितलं. "अजून सुटली न्हाईस का?"

मी विहिरीवर जाऊन साबणानं हात धुतले, परत धुतले आणि डबी उघडली. खालची कवळी पटकन बसली. वरची बसवली, तोंड मिटायला सांगितलं. त्यांनी मिटलं आणि मान हलवली. "हिकडं उंच लागतंय."

खिडकीच्या उजेडात मी त्यांना निळा कागद चावायला दिला. जिथं ठिपका उमटला तो दात कानशीनं घासला, परत बसवला, परत कागद दिला. बाहेर ताशा सुरू झाला होता. दारातल्या बायका म्हणत होत्या, आता चला, मुहूर्त जवळ आला. मी घाई केली नाही. या कामात घाई करून चालत नाही, आणि त्या दिवशी माझ्या हातून तेवढं एक काम तरी नीट व्हायला हवं होतं. तिसऱ्या वेळेला बनाबाईंनी तोंड मिटलं, उघडलं, परत मिटलं आणि तशाच बसून राहिल्या.

"काही बोला की आजी."

दात गेल्यापासून त्या नातीला 'हुकन्या' म्हणायच्या. सगळं घर तिला त्यामुळं हुकीच म्हणायचं. बनाबाईंनी जीभ नव्या दातांवरून एकदा फिरवली आणि सावकाश हाक मारली, "सुकन्या."

शेजारच्या खोलीत मुंडावळ्या बांधून घेत असलेली ती पोरगी अर्धवट बांधलेल्या मुंडावळ्यांसकट दारात येऊन उभी राहिली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आजीच्या तोंडाकडं बघत राहिली. "काय गं आजी," एवढंच म्हणाली आणि मग दोघीही रडायला लागल्या. मी हत्यारं आवरायला घेतली. ती फार वेळ आवरत होते.

मांडव शाळेच्या मैदानावर होता. बनाबाईंना न्यायला घरची जीप आली आणि दोन नातू त्यांना बगलेत धरून उचलायला पुढं झाले. बनाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "पोत्यावानी उचलू नका मला. आज न्हाय." मग त्यांची नजर माझ्या गाडीवर गेली. छप्पर उघडं होतं. अडकलेलं चाक पुढचं डावं, त्यामुळं बसणाऱ्याच्या बाजूचा कोपरा जमिनीला टेकल्यासारखा झाला होता. कमरेतून वाकलेल्या बनाबाई चालत आल्या, पाटावर बसावं तशा सीटवर टेकल्या, पाय आत घेतले आणि लुगडं नीट केलं. कुणाचा हात लागला नाही.

"चल," त्या मला म्हणाल्या.

आबा पटका सावरत पुढं चालले, बाजूला व्हा, बाजूला व्हा, असं म्हणत. जसं पूर्वी कळपापुढं चालायचे. मी पहिल्या गिअरमध्ये मागून. नवरा आला असं समजून ताशेवाले आमच्या पुढं लागले ते थेट मांडवापर्यंत. बनाबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. पंगतीत त्या पहिल्या ओळीत बसल्या आणि बुंदीचा लाडू मोडून न खाता चावून खाल्ला. माझ्या पानावर वाढायला आलेल्या माणसानं विचारलं, "म्याडम, ती गाडी तुमची का? पुढच्या चाकात हवा न्हाय." मी म्हटलं, बघते.

सोमवारी रामहरीनं चिखल धुऊन ते कडं मोकळं केलं. झाल्या प्रकाराची हकीकत त्याला विजयसिंहांकडून आधीच कळली होती. "झालं मोकळं," तो समाधानानं म्हणाला. "आता हे पन वर घेतो, म्हंजी चारी सारखी."

"हे राहू दे," मी म्हटलं. "ती तीन वर गेलीत, ती याच्यासारखी खाली घे."

रामहरीनं कड्याला लावलेला पाना परत काढला. मी त्याला कारण सांगितलं. नव्या कवळीला महिनाभर दर आठवड्याला बघावं लागतं, आणि बनाबाईंनी सांगितलं होतं की यायचं झालं तर त्या माझ्याच गाडीतून येतील, एसटीची पायरी आता नको. दादासोंना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर स्वतःहून खाली ठेवला.

त्या गुरुवारी मी शेळगावला गेले. गल्लीच्या तोंडाशी सवयीनं गाडी तिरकी केली आणि लक्षात आलं, पुढं उंचवटाच नाही. मुरूम खरवडून कडेला ढीग केला होता, त्यात कुदळ उभी होती. बनाबाई दारातच वाट बघत होत्या. बसल्या, लुगडं नीट केलं, समोर बघितलं.

"आमच्या दारातला काढला," त्या म्हणाल्या. "लासुर्ण्याचा तू बघ."

मी अर्ज दिला. तालुक्याच्या कचेरीत बांधकामाच्या खिडकीवर मला सांगण्यात आलं, की गतिरोधक घाला असे अर्ज पुष्कळ येतात, काढा म्हणणारा कुठल्या खात्यात घ्यायचा ते बघावं लागेल. मी म्हटलं, बघा, मी इथंच बसते.